दुपारपर्यंत वाट बघू

गप्प बसण्यासाठी माणसं राजधानीतून, बिश्केकहून, पाच-सहा तास मोटारीत हाडं खिळखिळी करून घेत डोंगरावर येतात, हे कुलीपाला पहिल्या वर्षी खरंच वाटेना. गप्प बसायला काय लागतं? ती स्वतः सासरी अकरा वर्षं गप्प बसली होती, तिच्यापुढे कुणी घंटा वाजवली नव्हती. पण शहरातून आलेल्या, ध्यान शिकवणाऱ्या चिनाराने कुलीपाच्याच कुरणावर, कुलीपाच्याच नवऱ्याच्या घोड्यांशेजारी नमद्याचे सहा गोल तंबू ठोकले आणि कुलीपाला चुलीवर नेमलं. हे तिसरं वर्ष. सात दिवसांचं ध्यान, सात दिवसांचं मौन. मांस नाही, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस नाही, चहात रोजचं मीठसुद्धा नाही. मेंढरं चरतात त्या कुरणावर येऊन ही धडधाकट माणसं उकडलेली गाजरं खात, तेव्हा कुलीपाचा नवरा तुराट घोडीचं दूध काढता काढता म्हणायचा, "अगं, यांना कुणी शाप दिलाय की काय?"

या खेपेला अकरा जण आले. त्यांतली नुरझात कुलीपाला पहिल्या तासातच आवडली, कारण आल्या आल्या तिने बाह्या सरसावल्या आणि बटाटे सोलायला बसली. वय अडतीस-चाळीस, नारीनकडच्या गावातली, आता बिश्केकमध्ये दातांची डॉक्टर. मौन संध्याकाळी सुरू व्हायचं होतं. तेवढ्या वेळात तिने कुलीपाला 'एजे', थोरली बहीण, म्हणत सगळं आयुष्य सांगून टाकलं.

"सहा वर्षं झाली एजे, बापाशी बोलले नाही."

"का गं पोरी? मारलं बिरलं का?"

"मारलं असतं तर परवडलं असतं. मी नवरा सोडून शहरात राहत होते. जानेवारीत भावाचा फोन आला. 'वडील अत्यवस्थ आहेत, तुझी आठवण काढताहेत, निघ.' मी त्या बर्फातून खिंड ओलांडून रडत रडत गेले. दार उघडते तर काय, बाप गादीवर मांडी घालून चहा पितोय. शेजारी माझा नवरा. तडजोड करायला बोलावलं होतं मला!"

"अरे देवा."

"मी दारातूनच परत फिरले. त्यानंतर तीनदा फोन आले, 'आजारी आहेत, ये.' एकदाही गेले नाही. तिन्ही वेळा ठणठणीत होता म्हातारा." तिने बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकाने काढला. "आता वाटतं, पुरे झालं. शहात्तर वर्षांचा आहे. इथे सात दिवस डोकं शांत करते, आणि इथून निघाले की सरळ त्याच्याकडे जाते. तो बोलायच्या आधी मीच बोलते."

"आजच जा की. बटाटे मी सोलते."

नुरझात हसली. "आज गेले तर भांडेन, एजे."

संध्याकाळी चिनाराने सगळ्यांचे फोन गोळा करून पितळी पट्ट्यांच्या पेटीत टाकले आणि किल्ली गळ्यात अडकवली. घरच्यांना अडीअडचणीसाठी एकच नंबर दिलेला असे, कुलीपाचा. तिचा फोनसुद्धा लाल खडकावर चढल्याशिवाय लागत नसे. मग चिनारा मऊ आवाजात बोलायला लागली. बाई दिसायला देखणी होती, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपली झोप अपुरी झाली आहे असं वाटावं.

"तिसऱ्या दिवशी घर तुम्हाला हाक मारील," ती म्हणाली. "कुणाची आई आजारी पडेल, कुणाचं मूल रडेल. कदाचित कुणी माणूस येऊनही सांगेल. ते सगळं तुमच्या मनाचं नाटक आहे. हाक येईल, तुम्ही हलायचं नाही."

कुलीपा दाराशी किटली घेऊन उभी होती. तिला वाटलं, काय बाई तरी बोलते ही!

तिसऱ्या दिवशी सकाळी कुलीपा खडकावर गेली, ती खाली गावात सुनेला पिठाचं विचारायला. फोन हातात घेते न घेते तोच वाजला.

"कुलीपा एजे का? मी कुबानिच. नुरझातचा भाऊ."

त्याच्या आवाजामागे बायकांचा गळा काढून चाललेला विलाप ऐकू येत होता. सांगायचं काहीच उरलं नाही.

"एजे, तिच्या कानावर काही घालू नका. वडील आठवण काढताहेत, एवढंच म्हणा आणि गाडीत बसवा. घरी आली की वडीलधारी माणसं बसून सांगतील, रीतीप्रमाणे."

"कधी... कधी माती देणार, बाळा?"

"परवा. दुपारपर्यंत वाट बघू. त्यापुढे उन्हाळ्यात ठेवता येत नाही. थोरली लेक आहे एजे, तिच्याशिवाय मयताच्या तंबूत रडायला कोण बसणार? शेवटपर्यंत म्हातारा दाराकडे बघत होता." आणि त्याने फोन ठेवला.

आता परक्या माणसाने मरणाची बातमी तोंडाने सांगायची नाही, ही रीत कुलीपाला कुणी शिकवायला नको होती. ती तिच्या अंगावर भाजलेली होती. एकतीस वर्षांपूर्वी, बावीस वर्षांची असताना, नदीवर लोकर धुताना तिने तिच्या जावेला, गुलबाराला, जे ऐकलं ते धाडकन सांगून टाकलं होतं. "गुलबारा, तुझा नवरा हिमकड्याखाली गेला." गुलबारा तिथेच दगडांवर कोसळली. पोटात सात महिन्यांचं होतं, ते गेलं. नवऱ्याच्या मयताला सगळ्या बायका गळ्यात पडून रडतात, वैरीण आली तरी तिला नाही म्हणायचं नसतं, म्हणून गुलबारा कुलीपाच्याही गळ्यात पडून रडली. पण ते तेवढंच. नंतर मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि गावाने कुलीपाला नाव ठेवलं ते आजतागायत चिकटलेलं होतं. कुलीपाच्या जिभेने पोर मारलं.

ती धावतच चिनाराच्या तंबूत शिरली.

"नुरझातला घरी पाठवायचं. तुराट गाडी काढतो. तिचे वडील आठवण काढताहेत."

चिनाराने डोळे उघडले. तीही किर्गिझ आईच्या पोटची होती, शहरातली असली म्हणून काय झालं. तिने कुलीपाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. कुलीपाने ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ पाहिलं.

"आठवण काढताहेत ना?" चिनारा म्हणाली. "मग चार दिवसांनी भेटतील."

"चिनारा..."

"दुसरं काही झालंय का, एजे? झालं असेल तर सांगा. तोंडाने सांगा."

इथे तो शब्द काढला तर चिनाराच्या तोंडून नुरझातच्या कानावर जाईल, या भीतीने कुलीपाने नजर वळवली.

"नाही ना झालं? मग झालं तर." चिनाराने पुन्हा मांडी जुळवली. "गेल्या वर्षी एक बाई मध्येच गेली, आठवतं? संध्याकाळपर्यंत अर्धे तंबू रिकामे. उरलेल्यांची सगळी मेहनत मातीत गेली. एका माणसासाठी दहा जणांचं मन मी मोडणार नाही."

कुलीपा बाहेर आली ती दातओठ खात. घोड्यापाशी तुराट उभा होता. त्याला तिने सांगितलं, त्याला सांगायला तिला कसली अडचण नव्हती. तो म्हणाला, "अगं मग तिलाच जाऊन सांग की. गाडीत डिझेल आहे. तिला बसव, मी नेतो."

नुरझात देवदाराखाली एकटीच बसली होती, गुडघ्यांवर पालथे हात, डोळे मिटलेले. चेहरा इतका निवळलेला की कुलीपाचे पाय अडले. ती जवळ जाऊन उकिडवी बसली.

"पोरी, घरून फोन आलाय. वडील तुझी आठवण काढताहेत. ऊठ, गाडी तयार आहे."

नुरझातने डोळे उघडले. क्षणभर काहीतरी हललं तिच्या चेहऱ्यावर. मग ती हसली. तेच बटाटे सोलतानाचं हसू! हीच वाक्यं तिने चारदा ऐकली होती. शिवाय चिनाराने आधीच सांगून ठेवलं होतं, तिसरा दिवस, माणूस येईल. तिने छातीशी हात जोडले, मान हलवली आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

"या वेळी खरं आहे गं," कुलीपा पुटपुटली. "खरंच आजारी आहेत. फार आजारी."

पापणीसुद्धा हलली नाही. आता एकच शब्द उरला होता. तो म्हटला असता तर नुरझात ताडकन उठली असती, गाडीत बसली असती, बापाजवळ पोचली असती. दोन दिवस हातात होते. कुलीपाने तोंड उघडलंही. आणि तिला नदीतले ते दगड दिसले, दगडांवरची ओली लोकर दिसली. तिने तोंड मिटलं आणि ती चुलीकडे परत गेली. त्या दिवशी गाजरं करपली, कुणी काही बोललं नाही, बोलायची मनाईच होती.

"सांगितलंस?" तुराटने विचारलं.

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"आजारी आहेत म्हणून."

"आजारी!" तुराटने हातातला लगाम जमिनीवर आपटला. "माणूस मेलाय आणि तू आजारी म्हणतेस? मी जाऊन सांगू का?"

"खबरदार! परक्या पुरुषाच्या तोंडून बापाचं मरण ऐकायचं का तिने? असली अवदसा तरी आणू नकोस." आणि त्याने लगाम उचलून खांद्यावर टाकला, कारण रीत त्यालाही ठाऊक होती. दोघंही रीत सांभाळत बसले. तिकडे म्हातारा लेकीची वाट बघत थंड पडला होता.

चौथ्या दिवशी कुबानिचचा फोन आला, "निघाली का?" कुलीपा खोटं बोलली, "निघते, निघते." तो म्हणाला, "माणसं विचारताहेत एजे, लेक कुठाय म्हणून. काय सांगू?" कुलीपाने बोलणं ऐकू येत नसल्यासारखं केलं आणि फोन बंद केला. त्या खडकावरून उतरताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

पाचव्या दिवशी पहाट व्हायच्या आधीच ती उठली. आता निघालं तरच दुपारपर्यंत पोचता येणार होतं. शब्द बोलता येत नाही ना, मग न बोलता सांगू, असं तिने ठरवलं. आपल्या कपड्यांच्या पेटीतून तिने काळा रुमाल काढला, सासऱ्याच्या मयताला बांधलेला. कुठलीही बाई तो ओळखील. घंटा व्हायच्या आत ती ध्यानाच्या तंबूत गेली आणि नुरझातच्या आसनावर तो नीट घडी घालून ठेवला. मग बाहेर येऊन चुलीशी उभी राहिली. तुराटने गाडी तापवून ठेवली होती.

चिनारा सगळ्यांच्या आधी तंबूत शिरली. मग घंटा झाली, अकरा माणसं जांभया दाबत रांगेने आत गेली. कुलीपा श्वास रोखून वाट बघत राहिली. आता ओरडेल. आता बाहेर येईल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून फक्त चिनाराचा तो मऊ आवाज येत होता, श्वास आत, श्वास बाहेर.

तासाभराने चिनारा बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात थंडीचा म्हणून तो काळा रुमाल गुंडाळलेला होता. कुलीपापाशी थांबून तिने हात जोडले.

"ऊबदार आहे, एजे. आभार."

"तू बाई आहेस का कोण आहेस?" कुलीपा दबक्या आवाजात फुत्कारली. "तुला बाप नाही?"

"होता." चिनाराने आवाज चढवला नाही. "दोन दिवस उशिरा कळलं म्हणून मेलेला माणूस जास्त मरत नाही. आणि पाच दिवसांत ती किती हलकी झालीय, बघितलंत ना? ते मी मोडू? का तुम्ही मोडणार? मोडा. जा, सांगा तिला. मी अडवत नाही." तिने रुमालाची गाठ सारखी केली. "गावात तुम्हाला काय म्हणतात ते मी ऐकलंय. आणखी एकदा म्हणतील, एवढंच."

तिने चिनाराच्या मुस्कटात मारायला हवी होती. तिने पळीने लापशी ढवळली. गाडीचं इंजिन थोडा वेळ घरघरलं आणि तुराटने ते बंद केलं.

दुपारी ती वाट्यांत सूप वाढत होती. ऊन डोक्यावर आलं. नुरझातपुढे वाटी ठेवताना कुलीपाने वर सूर्याकडे बघितलं. नुरझातने हात जोडून सूप घेतलं, फुंकर घालून एक घोट प्यायली आणि चव आवडल्याचं डोळ्यांनी सांगितलं. तिकडे त्या क्षणी म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं असेल. झालं.

सातव्या दिवशी सकाळी मौन सुटलं. गवतावर गोल करून सगळे बसले. सात दिवस न बोललेली माणसं, बांध फुटल्यासारखी बोलत होती. कुणाला लहानपण सापडलं, कुणाला पाठदुखी गेल्याचं जाणवलं. कुलीपा चहा फिरवत होती. आज मीठ घालायला परवानगी होती. नुरझातची पाळी आली.

"तिसऱ्या दिवशी मला खरंच हाक आली," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, ती स्वतःच त्याला हसली. "कुलीपा एजे माझ्याजवळ आल्या. वडील आठवण काढताहेत म्हणाल्या, गाडी तयार आहे म्हणाल्या. इतक्या हुबेहूब! डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. चिनारानेच सांगितलं असणार ना तसं करायला? पूर्वीची मी असते तर भडकले असते. पण मी हलले नाही. आणि मी बसल्या जागी, आयुष्यात पहिल्यांदा, बापाला माफ केलं. आज इथून सरळ त्याच्याकडे जाणार आहे. चहाला वेळेत पोचेन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले. चिनारा म्हणाली, "हीच ती ताकद," आणि तिनेही टाळ्या वाजवल्या.

तेव्हा कुलीपाच्या हातातली किटली खाली पडली. चहा गवतात जिरला.

"मेला," ती म्हणाली. "तुझा बाप मेला, पोरी. मी आले होते ना झाडाखाली, तेव्हाच मेलेला होता. परवा दुपारी पुरला. दुपारपर्यंत थांबले होते तुझ्यासाठी."

टाळ्या थांबल्या. नुरझात अजून हसतच होती. हसत हसत तिने चिनाराकडे बघितलं. हाही धडाच आहे का, हलायचं नाही का, असं ती नजरेने विचारत होती. चिनाराने मान खाली घातली आणि गळ्यातली किल्ली काढून तिच्या हातात दिली.

पेटी उघडली. फोन सुरू केला आणि खडकावर नेला, तसे एकामागून एक निरोप येऊन पडू लागले. ते वाजणं खालपर्यंत ऐकू येत होतं. निघ. निघालीस का. ताई कुठे आहेस. माणसं विचारताहेत. दुपारपर्यंत वाट बघू. शेवटचा दोन दिवसांपूर्वीचा होता. आता येऊ नकोस.

ती खाली आली ती सरळ चुलीच्या तंबूत गेली. पाठोपाठ कुलीपा. नुरझातने भिंतीकडे तोंड केलं, गुडघे मुडपून बसली, कमरेवर हात ठेवले. मयताच्या तंबूत लेकी बसतात तशी. भिंतीपलीकडे प्रेत नव्हतं, पिठाची पोती होती. तिने तोंड उघडलं. मग आवाज फुटला. बापाचं नाव, बापाची पांढरी टोपी, बापाचा लाल घोडा, जानेवारीतला तो चहा. सगळं ती गात रडू लागली.

बाहेर सगळे उभे राहिले होते. चिनाराला काय वाटलं कोण जाणे. ती आत डोकावली, मग मागे वळून हलक्या आवाजात म्हणाली, "बसा. डोळे मिटा. तिच्या दुःखाबरोबर श्वास घ्या." आणि ती दहा माणसं, शपथेवर सांगावं असं, तंबूभोवती गोल करून मांडी घालून बसली. एकाने पितळी वाटी वाजवली. तिचा नाद विलापावरून लांबपर्यंत घुमत गेला.

"उठा, बेशरमांनो!" तुराट ओरडत आला. कुणी डोळे उघडले नाहीत.

आत कुलीपा गुडघ्यांवर सरकत सरकत नुरझातजवळ गेली. आपलं तोंड काळं आहे हे तिला ठाऊक होतं. पण अशा वेळी कुणालाच नाही म्हणत नाहीत, वैरिणीलाही नाही, ही एकच रीत आता तिच्या हाताशी उरली होती. तिने रडत दोन्ही हात पसरून नुरझातच्या खांद्यांवर ठेवले.

"ये पोरी. माझ्या गळ्यात पड."

नुरझात थांबली. तिने मान वळवून कुलीपाकडे बघितलं. डोळे सुजलेले होते, पण त्यांत गोंधळ नव्हता.

"झाडाखाली तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"एक शब्द होता, एजे."

"हो."

नुरझातने तिचे हात धरले, एक एक करून आपल्या खांद्यांवरून खाली काढले आणि कुलीपाच्या मांडीवर ठेवून दिले.

"तुम्ही नका," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा बापाला हाक मारायला लागली.